ते घेरदार झगे घालून बायका बसायच्या कशा?

मिसळप्रेमी_मुग्धा: सध्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सिरीयली बघतेय आणि डोक्यात किडा वळवळतोय, की एवढा घेर सांभाळत या बायका दारातून जायच्या कशा, बसायच्या कशा आणि आत नक्की असतं तरी काय? मावसबहिणीने लग्नात कॅनकॅनवाला, म्हणजे आत कडक जाळी लावलेला लेहंगा घातला होता, तिला सोफ्यात बसवताना आमची पुरेवाट झाली. ते फॅड तिथूनच आलंय का?

टाचणी_दोरा: आत पिंजरा असतो, अक्षरशः! क्रिनोलीन म्हणतात. पातळ स्टीलची कडी, वरून खाली मोठी होत जाणारी, कापडी पट्ट्यांना टांगलेली. 1856 ला पेटंट निघालं. त्याआधी घेरासाठी एकावर एक परकर चढवायचे, त्यात एखादा घोड्याच्या केसांचा कडक, म्हणजे नुसतं ओझं आणि पायात पायात येणार, त्यामुळे पिंजरा आल्यावर बायकांना उलट हायसं वाटलं. कडी लवचिक असतात, दारात जरा दाबून घ्यायची. बसताना मागची कडी हलकेच उचलून खुर्चीच्या कडेला टेकायचं, धपकन बसलीस तर पुढचा घेर थेट तोंडासमोर 😄 म्हणून तर आत लांब चड्ड्या घालायला लागल्या.

खवचट_काका: हायसं कसलं डोंबलाचं. घरात शेकोट्या, मेणबत्त्या, आणि झग्याखाली सगळी पोकळ हवा, ठिणगी पडली की संपलं. अमेरिकेत कवी लाँगफेलोची बायको 1861 ला झगा पेटूनच गेली, विझवताना तो स्वतःही भाजला. वर कॉर्सेटने, म्हणजे त्या दोऱ्यांनी आवळायच्या ताठ चोळीने, कंबर आवळून श्वास बंद.

टाचणी_दोरा: काका, आगीचं कबूल. पण कॉर्सेट रोज कोणी जीव जाईस्तोवर आवळत नव्हतं, कामवाल्या बायकाही घालायच्या की. खाली एवढा घेर असला की कोणाचीही कंबर बारीकच दिसते.

जुनी_ट्रंक: लेहंग्याचं म्हणशील तर घागरा आपलाच, जुना. आत कडक नेट लावून तो उभा करायचा हे मात्र गाऊनवाल्यांकडून आलं. तिकडेही ही फॅशन मरून परत आलीच, 1860 नंतर पुढचा घेर हळूहळू चपटा होऊन सगळा फुगवटा मागे गेला, पुढे तोही गेला, आणि 1947 ला डिओर या फ्रेंच फॅशन डिझायनरने पुन्हा बारीक कंबर नि मोठा घेर काढला, तोही युद्धात लोकांनी कापडाचं रेशनिंग सोसलेलं असताना, एवढं कापड उधळतात म्हणून लोक भडकले होते. आपल्याकडे खरी टिकली ती बाही. पणजीच्या फोटोत नऊवारीवर फुग्याच्या बाह्यांचं, झालरवालं पोलकं असतं ना, ते तिकडचंच वारं. आता तेच ब्लाऊज बुटीकवाले नवीन म्हणून विकतात, शिलाई ऐकून घेरी येते.

मिसळप्रेमी_मुग्धा: भारी! पण मग लेहंगा घालून बसायचं कसं, पुढच्या महिन्यात माझा नंबर आहे 🙈

टाचणी_दोरा: कॅनकॅन कमरेपासून नको, गुडघ्याखालीच लावून दे म्हणावं टेलरला. आणि बिनहाताची खुर्ची माग, सोफा नको.