ताकद आहे, तरी तोल का जातो?

एकांनी विचारलंय की स्ट्रोकनंतर वडिलांच्या हातापायांत ताकद जवळपास पूर्ण आहे, तरी उभं केलं की मागे किंवा एका बाजूला कलंडतात. हे मनाने घेतलंय का? तसं मुळीच समजू नका. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसला इजा झाली तर नेमकं हेच होऊ शकतं. मॅसड्यू आणि गोरेलिक या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९८८ मध्ये असे रुग्ण नोंदवले होते: शुद्ध नीट, ताकद ठीक, पण उभं राहता येईना, काहींना तर आधाराशिवाय बसताही येईना. उठताना धडाचे स्नायू वापरण्याऐवजी चांगल्या हाताने स्वतःला ओढून घेत. पडत ते इजेच्या विरुद्ध बाजूला किंवा मागे.

याच्या जवळचा दुसरा प्रकार म्हणजे चांगल्या हातापायाने स्वतःलाच लुळ्या बाजूकडे ढकलणं. यात शरीर सरळ आहे की तिरकं ही आतली जाणीवच बिघडते, डोळ्यांना मात्र उभी रेघ उभीच दिसते. म्हणून फिजिओ समोरच्या दाराच्या चौकटीकडे बघून सरळ व्हायला शिकवतात. जबरदस्तीने सरळ करायला गेलात तर ते आणखी जोरात ढकलतील (घरचे इथेच वैतागतात). बहुतेकांचं काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतं. तोवर एकट्याने बाथरूमला जाऊ देऊ नका. आणि हो, तोल अचानक नव्याने बिघडला तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.