अनुभव धागा : घराचा नकाशा संगणकावर काढताना कोणाची, कशी मदत झाली?

घर बांधणारे, जुने घर दुरुस्त करणारे आणि त्यांच्यासाठी नकाशे काढणारे, या सर्वांचीच आज संगणकावरील आरेखनाशी कधी ना कधी गाठ पडते. शिकवणीचे व्हिडिओ विपुल आहेत, परंतु आपले काम ज्या जागी अडले आहे नेमक्या त्याच जागेचे उत्तर त्यांत क्वचितच मिळते. ते बहुधा एखाद्या अनुभवी माणसाकडून मिळते. म्हणून येथे आपण कुठे अडलात, कोणी काय सांगितले आणि त्याने काम कसे पुढे गेले, हे सविस्तर लिहावे. कोणते सॉफ्टवेअर श्रेष्ठ, ही चर्चा कृपया येथे नको.

गृहस्वामी, रत्नागिरी तालुका

आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. दुरुस्तीपूर्वी आहे त्या घराचा नकाशा हवा होता आणि लिब्रेकॅड हे आरेखनाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, म्हणून मी स्वतःच काढायला घेतला. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी फितीने नीट मोजली होती, तरी माजघर आणि पडवी कागदावर एकमेकांना जुळेनात. शेजारच्या गावातील एक आरेखक दादा प्रत्यक्ष घरी आले आणि त्यांनी सर्वप्रथम माजघराचे दोन्ही कर्ण मोजायला लावले. त्यांत जवळजवळ चार इंचांचा फरक निघाला, म्हणजे खोली गुण्यात (काटकोनात) नव्हतीच, आणि आपण संगणकावर चौकोन काढतो तेव्हा तो मात्र बिनचूक काटकोनातच उमटतो.

त्यांनी दाखवलेली रीत अशी : एक भिंत आखून घ्यावी, तिच्या एका टोकाला लगतच्या भिंतीच्या लांबीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ आणि दुसऱ्या टोकाला कर्णाएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे, दोन्ही जिथे छेदतात तोच खोलीचा खरा कोपरा. दारे-खिडक्यांची मापे तुकड्यातुकड्यांनी न घेता एकाच कोपऱ्यापासून सलग वाचावीत, म्हणजे फितीची बारीक चूक पुढच्या मापात साचत नाही, आणि भिंतीची जाडी अंदाजाने न धरता दाराच्या चौकटीपाशी गिलाव्यासह मोजावी. या तीन गोष्टींनी आमचा नकाशा जुळला. सॉफ्टवेअरमधील आज्ञा मला आधीच येत होत्या. शिकायचे होते ते मोजणे.

निवृत्त शिल्प निदेशक, सांगली

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी दीर्घकाळ शिकवला. आमची पिढी ड्रॉइंग बोर्ड, ट्रेसिंग पेपर, शाईची पेने आणि अमोनिया प्रिंट यांवर घडली. ऑटोकॅड हे आरेखनाचे सॉफ्टवेअर १९८२ साली बाजारात आले, पण आमच्या वर्गात ते पुष्कळ उशिरा पोहोचले आणि त्यासोबत एक मूलभूत बदल आला, जो आजही पुरेसा समजावून सांगितला जात नाही. बोर्डवर आम्ही प्रमाण आधी ठरवत असू : १:१०० ला १२ मीटरची भिंत म्हणजे कागदावर १२ सेंटिमीटर. संगणकावर भिंत खऱ्या मापाने काढायची असते आणि प्रमाण छपाईच्या वेळी, लेआउटमध्ये म्हणजे छपाईचे पान मांडताना द्यायचे असते.

माझ्याकडे आजही विद्यार्थी येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की दुसऱ्याने दिलेली फाइल आपल्या नकाशात आणली की ती अवाढव्य होते किंवा ठिपक्याएवढी दिसते. मी त्यांना त्या फाइलमधील एखादे नेहमीचे दार मोजायला सांगतो. रुंदी ९०० आली तर फाइल मिलिमीटरमध्ये आहे, ०.९ आली तर मीटरमध्ये, आणि ३५.४३ आली तर इंचांत. इंच आणि मिलिमीटर यांच्यात २५.४ पटींचा फरक आहे, म्हणून एकके कळल्यावर मोठे किंवा लहान किती करायचे याचा अंदाज बांधावा लागत नाही. अक्षरांचेही तसेच : कागदावर २.५ मिलिमीटर उंचीचे अक्षर हवे असेल आणि १:१०० ला छापायचे असेल, तर मिलिमीटरच्या फाइलमध्ये मूळ नकाशातील अक्षर २५० उंचीचे ठेवावे लागते.

याहून महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट सांगतो. नकाशा पूर्ण झाला असे वाटले, की त्याची छापील प्रत घेऊन विद्यार्थ्याने गवंड्यापाशी उभे राहावे आणि त्याला एका खिडकीची जागा भिंतीवर खूण करून दाखवायला सांगावी. त्यासाठी त्याला तीन मापांची बेरीज करावी लागली किंवा पट्टी नकाशावर टेकवावी लागली, तर ते माप लिहिणे आरेखकाचे काम होते. तसेच कापलेली भिंत जाड रेषेत आणि पलीकडे दिसणारी पायरी बारीक रेषेत, हा बोर्डवरचा शिरस्ता संगणकावर सर्रास सुटतो. सगळ्या रेषा एकाच जाडीच्या असलेला नकाशा अचूक असूनही वाचता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कंत्राटदार, सोलापूर

वास्तुविशारदांकडून आलेली फाइल आमच्या कार्यालयातील जुन्या ऑटोकॅडमध्ये उघडत नव्हती. २०१८ पासूनच्या आवृत्त्या नव्या डीडब्ल्यूजी स्वरूपात (ऑटोकॅडचे स्वतःचे फाइल-स्वरूप) फाइल साठवतात, एवढे एका मित्राने सांगितले. तेव्हापासून आम्ही २०१३ चे स्वरूप किंवा डीएक्सएफ (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारे देवाणघेवाणीचे स्वरूप) मागून घेतो आणि सोबत पीडीएफही घेतो.

पदविकाधारक, नाशिक

मी एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात बांधकाम परवानगीचे नकाशे तयार करते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. ऑनलाइन छाननीत नकाशा माणसाआधी संगणक तपासतो आणि त्याला भूखंडाची हद्द, बांधकामाची बाह्यरेषा, सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) हे सर्व ठरलेल्या नावांच्या लेअरवर म्हणजे नकाशाच्या थरांवर, बंद पॉलिलाइनच्या (सलग जोडलेल्या रेषेच्या) रूपात लागते. डोळ्यांना बंद दिसणारी आकृती केसाएवढी उघडी असली, तरी तिचे क्षेत्रफळ धरले जात नाही.

कार्यालयातील ज्येष्ठ ताईंनी मला एक सोपी तपासणी शिकवली. शंका असलेल्या आकृतीत हॅच (तिरप्या रेषांची भरण) भरून पाहावा. तो भरला नाही तर ऑटोकॅड उघड्या टोकांपाशी लाल वर्तुळे दाखवते आणि फट सापडते. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा ओव्हरकिल या आज्ञेने काढून टाकाव्यात. त्यांचा दुसरा आग्रह मी आजही पाळते : चटई क्षेत्राचा (भिंतींच्या आतील वापराच्या जागेचा) जो आकडा सॉफ्टवेअर देते, तो मजल्याचे आयत पाडून एकदा हाताने पडताळायचा. परवानगीच्या नकाशावर सही करणारी व्यक्ती त्या आकड्याला जबाबदार असते, सॉफ्टवेअर नसते.

अभियंता, न्यू जर्सी

साताऱ्यात आईवडिलांसाठी घर बांधायचे होते, म्हणून येथील घरांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मी आराखडा तयार केला. या सॉफ्टवेअरमधील तयार भिंत लाकडी सांगाड्याची असते. दोन बाय चार म्हटलेले लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचे, दोन्ही अंगांना अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड, म्हणजे आतली भिंत अवघी साडेचार इंचांची. साताऱ्यातील एका अभियंता काकांनी व्हिडिओ कॉलवर आराखडा पाहताच खोल्यांविषयी बोलणे थांबवले आणि आधी भिंतींचे प्रकार नव्याने तयार करायला सांगितले : बाहेर २३० मिलिमीटर वीट, आतल्या आडभिंती ११५ मिलिमीटर, दोन्हींवर गिलावा, आणि स्लॅबखाली तुळई किती उतरते ते वेगळे दाखवायचे. ते केल्यावर न्हाणीघर आणि जिना यांची जागा किती आक्रसली, हे चित्रातच दिसले.

जिन्याबाबत त्यांनी दिलेला सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो. सॉफ्टवेअर जिना आपोआप काढते आणि नियमात बसला की तो योग्य मानते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातील पायरीची उंची १९० मिलिमीटरपर्यंत चालते. काका म्हणाले, "आईचे गुडघे बघ आणि १५० धर." मजल्याची उंची ३ मीटर, म्हणजे २० चढ, दोन टप्प्यांत दहा-दहा, प्रत्येक टप्प्याला ३०० मिलिमीटरचे नऊ तळ (पाय ठेवायची जागा), अर्थात २.७ मीटर लांबी आणि शिवाय जिना वळतो तेथील मधला सपाट चौथरा. त्यासाठी बैठकीची खोली लहान करावी लागली आणि आम्ही ती केली. चौथऱ्याच्या तुळईखाली डोके आपटत नाही ना, हे मात्र त्रिमितीय चित्रात फिरून पाहता आले, आणि तेथे हे सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी पडले.

आरेखिका, पुणे

सांगलीच्या सरांनी गवंड्याचा उल्लेख केला आहे, त्याला जोडून लिहिते. आम्ही कामाच्या जागी जाणाऱ्या नकाशांवर खोल्यांची नावे आणि सूचना मराठीत देतो. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स अक्षरवळणांत (फाँटमध्ये) देवनागरी उमटत नाही, प्रश्नचिन्हे दिसतात. त्यासाठी टेक्स्ट स्टाइलमध्ये मंगल किंवा मुक्त यांसारखे युनिकोड ट्रूटाइप फाँट निवडावे लागतात. फाइल दुसऱ्या संगणकावर पाठवताना तो फाँट तेथेही आहे याची खात्री करावी, आणि पीडीएफ काढल्यावर 'स्वयंपाकघर', 'न्हाणीघर', 'गच्ची' यांतील जोडाक्षरे व वेलांट्या सुटलेल्या नाहीत ना, हे छापण्यापूर्वी मोठे करून वाचावे.