मदत हवी आहे: सीएमएलच्या गोळीसोबत टीबीचा कोर्स सुरू झाला आणि पीसीआर वाढला, गोळी निकामी झाली असं समजायचं का?

नंदनवनची_लेक

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहून राहिले, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील. घरात सीएमएलचा पेशंट असलेले, फार्मसीवाले, हिमॅटॉलॉजीतले (रक्ताच्या आजारांच्या विभागातले) कुणी असतील तर प्लीज पूर्ण वाचा.

बाबांचं वय ६८. सीएमएल म्हणजे तो हळू चालणारा ब्लड कॅन्सर, बरीच वर्षं झाली. इमॅटिनिब ४०० ची एक गोळी रोज रात्री जेवणावर, मोठा ग्लासभर पाण्यासोबत. बाबा एसटीत होते, वेळेचे एकदम पक्के, लग्नाकार्यातही गोळी खिशात असते. त्यामुळे गोळी चुकत असेल हे कृपया कुणी सुचवू नका, पाकिटं मी स्वतः बघते. बीसीआर-एबीएलचा पीसीआर, म्हणजे रक्तात सीएमएलची खूण किती उरली आहे हे मोजणारी तपासणी, नेहमी ०.०५ टक्क्याच्या खालीच यायचा, डॉक्टर म्हणायचे काका मस्त चाललंय, आता पुढच्या तपासणीला या.

मग मानेला गाठ आली. आम्हाला वाटलं आजारच उलटला. सुईने तपासलं तर टीबी निघाला. खरं सांगते, टीबी आहे ऐकून घरात हायसं वाटलं. सरकारी केंद्रातून लगेच गोळ्या सुरू झाल्या, चार औषधं एकत्र असलेल्या, वजनाच्या हिशोबाने रोज. लघवी लाल-केशरी व्हायला लागली तेव्हा आई रक्त समजून घाबरली, तिथल्या सिस्टरने समजावलं की त्या चारपैकी रिफाम्पिसिन या औषधाने होतं, घामालाही रंग येतो. गाठ आता बरीच बसली आहे.

आणि आता पीसीआर आला १.४ टक्के.

ओपीडीत त्या दिवशी नेहमीचे डॉक्टर नव्हते. जे होते त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले रेझिस्टन्स दिसतोय, म्हणजे गोळीला आजार दाद देत नाही, म्युटेशनची (जीनमधल्या बदलाची) टेस्ट करून घ्या, बहुतेक डासाटिनिबवर, म्हणजे सीएमएलच्याच दुसऱ्या गोळीवर, जावं लागेल. मी म्हटलं सर टीबीच्या गोळ्या चालू आहेत, तर म्हणाले त्या चालूच ठेवा, त्याचा याच्याशी संबंध नाही. कॅन्सरच्या फाईलमध्ये टीबीचा एक शब्द नाही आणि टीबीच्या कार्डावर इमॅटिनिब कुठेच लिहिलेलं नाही. दोन्ही ठिकाणची माणसं चांगली आहेत, गर्दी मरणाची असते हेही मान्य, पण माझा जीव तिथंच अडकून राहिला आहे.

घरी येऊन जे वाचलं ते माझ्या भाषेत लिहिते, चुकत असेल तर दुरुस्त करा. आपल्या पेशींमध्ये एबीएल नावाचं एक प्रोटीन असतं, ते गरज पडली की चालू होतं, काम झालं की बंद. सीएमएलमध्ये ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात. आखूड झालेलं २२ नंबरचं क्रोमोसोम १९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्डला दिसलं आणि १९७३ मध्ये जॅनेट राउलीने दाखवलं की तुकडा हरवला नाही, अदलाबदल झाली आहे. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल बनतं, आणि ते डोअरबेलचं बटण दाबलेलंच अडकून बसावं तसं सतत चालू राहतं. एटीपी नावाच्या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूकडून फॉस्फेट घेऊन पुढच्या प्रोटीनला लावत राहतं, ते त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी पेशीला एकच निरोप जातो, वाढ, मरू नकोस. इमॅटिनिब बरोब्बर एटीपीच्या जागेत जाऊन बसतं, म्हणजे निरोप तिथेच थांबतो. २००१ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झालं आणि ज्या आजारात माणसं काही वर्षांत जायची त्यात आमचे बाबा भाजी आणायला पायी जाऊन राहिले.

आता माझा प्रश्न. रेझिस्टन्स म्हणजे त्या जागेचा आकार बदलला आणि औषध बसेना, हे समजलं. पण औषध त्या पेशीपर्यंत पुरेसं पोचतच नसेल तर रिपोर्ट तसाच दिसेल ना? रिफाम्पिसिनने इतर औषधं लवकर संपतात असं एका ठिकाणी वाचलं. इमॅटिनिबचंही तसं होतं का? आणि होत असेल तर डासाटिनिबवर जाऊन फायदा होईल का, की तेही तसंच संपेल? टीबीचा कोर्स अर्धा राहिला आहे, तो तर मध्येच सोडता येत नाही. काय विचारायचं, कुणाला विचारायचं, कसं विचारायचं, सांगा बाप्पा कुणीतरी.

---

दवाखान्यातला_फार्मासिस्ट

ताई, तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. आधी एक गोष्ट, दोन्हीपैकी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कमी-जास्तही नको. पुढचं शांतपणे वाचा.

इमॅटिनिब मुख्यतः लिव्हरमधल्या सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइमने मोडतं. आपण वापरतो त्यातली जवळपास निम्मी औषधं हेच एन्झाइम मोडतं. रिफाम्पिसिन लिव्हरच्या पेशीत गेलं की पीएक्सआर नावाच्या रिसेप्टरला चिकटतं, तो रिसेप्टर डीएनएवर जाऊन बसतो आणि सीवायपी३ए४ चा जीन जोरात चालू करतो. पेशी ते एन्झाइम भरभरून बनवते. आतड्याच्या अस्तरातही हेच होतं, म्हणजे गोळीचा काही भाग रक्तात शिरायच्या आधीच मोडतो. हे पहिल्या दिवशी होत नाही, चढायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही.

इमॅटिनिबवर हे मोजलेलं आहे. आधी रिफाम्पिसिन देऊन मग इमॅटिनिब दिलं तर शरीरातून औषध बाहेर पडायचा वेग ३.८ पट होतो. म्हणजे बाबांच्या पाकिटावर ४०० लिहिलं आहे, पण रक्ताला मिळणारा डोस साधारण चौथाई समजा. हे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच आहे, आणि तिथेच असंही आहे की असं जोरदार औषध सोबत द्यावंच लागलं तर इमॅटिनिबचा डोस किमान ५० टक्के वाढवावा आणि पेशंटवर बारीक लक्ष ठेवावं. हे काम हिमॅटॉलॉजिस्टचं, घरी करायचं नाही.

डासाटिनिबचं विचारलंत ते फार महत्त्वाचं. तेही सीवायपी३ए४ नेच मोडतं. रिफाम्पिसिनसोबत त्याची रक्तातली एकूण मात्रा ८२ टक्क्यांनी घटते. निलोटिनिब या सीएमएलच्या आणखी एका गोळीचीही तीच गत. म्हणजे रिफाम्पिसिन तसंच ठेवून नुसती गोळी बदलली तर महागडी गोळी वाया जाईल आणि वर शिक्का बसेल की दोन औषधं फेल गेली. तो शिक्का मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर होतात.

बाबा टीबीच्या गोळ्यांनी ॲसिडिटी होते म्हणून पँटोप्राझोल वगैरे घेतात का? ते पण सांगा. डासाटिनिबला विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं, उद्या बदललंच तर हा मुद्दा येईल.

---

सक्करदऱ्याच्या_काकू

बेटा, आमच्या ह्यांना पण सीएमएल आहे, फार वर्षांपासून. तू घाबरू नको. पीसीआर दरवेळी एकाच लॅबमधून कर आणि रिपोर्टवर आयएस (इंटरनॅशनल स्केल, सगळ्या लॅबचं एकच माप) असं लिहिलेलं आहे का पाह्य, नाहीतर दोन लॅबचे आकडे जुळतच नाहीत. आमचं एकदा असंच लॅब बदलल्यामुळे घरात रडारड झाली होती.

दुसरं, संत्री खाऊ द्यायची का हे सगळे विचारतात, आपल्याकडे तर सीझनला घरात पेटीच असते. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं नागपुरी संत्रं चालते, ग्रेपफ्रूट आणि पपनस नको. त्याने एन्झाइम उलटं दबते म्हणे आणि औषध रक्तात जास्त साचते.

आणि एक सांगते, २०१३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने इमॅटिनिबच्या मूळ कंपनीला, नोव्हार्टिसला, पेटंट नाकारलं म्हणून आपल्यासारख्यांना ही गोळी परवडून राहिली. ब्रँडची गोळी महिन्याला लाखाच्या वर होती. त्यामुळे हीच गोळी टिकवता आली तर टिकवायची, मी तर हेच म्हणेन.

---

निसर्ग_उपचार

इतकी केमिकल्स शरीरात गेल्यावर हे होणारच. गुळवेल आणि हळदीचा काढा सुरू करा, लिव्हर साफ होईल.

---

दवाखान्यातला_फार्मासिस्ट

काढा आत्ता नको, विनंती आहे. लिव्हरवर आधीच टीबीची औषधं ताण देऊन राहिली आहेत, त्यात आणखी काही टाकलं आणि एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला आकडा) वाढलं तर कशाने वाढलं हे डॉक्टरांना कळणार नाही, आणि टीबीचा कोर्सच थांबवावा लागेल.

---

नंदनवनची_लेक

काका, काकू, दोघांचे मनापासून आभार. पँटोप्राझोल चालू आहे, सकाळी उपाशीपोटी. लॅब तीच आहे, आयएस लिहिलेलं आहे.

एक अजून विचारते. औषध कमी पोचत असेल तर बाबांच्या पेशी परत वाढायला इतका कमी वेळ कसा लागला? इतकी वर्षं रिपोर्ट इतका चांगला होता, मला वाटलं आजार जवळजवळ संपलाच आहे.

---

मॉलेक्युलर_लॅब

मी पीसीआरच्याच कामात आहे म्हणून यावर लिहितो. इमॅटिनिब वाढणाऱ्या पेशींना मारतं, पण हाडांच्या मज्जेत खोल काही सीएमएलच्या स्टेम सेल (बाकीच्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूळ पेशी) असतात, त्या जगायला बीसीआर-एबीएलवर तितक्या अवलंबून नसतात. निरोप बंद असतानाही त्या शांत बसून राहतात. औषधाची मात्रा घसरली की त्यांची पिल्लावळ परत वाढते. म्हणून आकडा कमी असणं आणि आजार मुळातून जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

यातच घाईचं कारणही आहे. अर्धवट दाबलेल्या पेशी विभागत राहतात, आणि जितक्या विभागतील तितकी म्युटेशनची शक्यता. टी३१५आय हे असंच एक म्युटेशन, म्हणजे त्या प्रोटीनच्या साखळीत ३१५ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो ॲसिडऐवजी आयसोल्युसिन आलं की इमॅटिनिब, डासाटिनिब, निलोटिनिब तिन्ही बसत नाहीत, मग पोनॅटिनिबसारखं औषध शोधावं लागतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली म्युटेशनची टेस्ट कराच, ती चुकीची नाही. पण रिपोर्टमध्ये म्युटेशन नाही आलं तर डोसचा प्रश्न पहिला विचारा.

जमलं तर इमॅटिनिबची रक्तातली पातळी पण करायला सांगा. सॅम्पल पुढची गोळी घ्यायच्या अगदी आधी द्यायचं, म्हणजे आदल्या गोळीला २४ तास होत आले असतील तेव्हा. बाबा रात्री गोळी घेतात, तर सॅम्पल संध्याकाळी, सकाळी देऊन उपयोग नाही. साधारण १००० नॅनोग्रॅम प्रति मिली ही पातळी चांगली धरतात. आणि टीबीवाल्या डॉक्टरांना रिफाब्युटिनचं विचारा, ते त्याच कुटुंबातलं औषध आहे पण एन्झाइम बरंच कमी चढवतं, एचआयव्हीच्या काही पेशंटना याच कारणासाठी रिफाम्पिसिनच्या जागी देतात. बाबांना चालेल की नाही हे तेच ठरवतील.

---

दवाखान्यातला_फार्मासिस्ट

यात एकच जोडतो. एका साध्या कागदावर बाबांची सगळी औषधं लिहा, सुरू केल्याची तारीख आणि डोस, खाली पीसीआरचे आकडे तारखांसह. टीबीची पहिली गोळी आणि पीसीआर चढणं एकाखाली एक दिसलं की डॉक्टरांना वेगळं समजवायला लागत नाही. दोन प्रती काढा, एक इकडच्या फाईलला, एक तिकडच्या कार्डाला. आणि डोस वाढवला तर रिफाम्पिसिन संपल्यावर तो परत खाली आणायचा असतो हे आत्ताच विचारून ठेवा. एन्झाइम उतरायला साधारण दोन आठवडे लागतात, नंतर तोच वाढीव डोस जास्त पडेल, सूज, उलट्या, पेशी कमी होणं असं होऊ शकतं.

---

नंदनवनची_लेक

कागद करून नेला. यावेळी आमचे नेहमीचे डॉक्टर होते. त्यांनी तारखा पाहिल्या आणि तिथूनच टीबी केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला, दोघं बोलले. म्युटेशनचं सॅम्पल गेलं आहे. तोवर डासाटिनिब नाही, इमॅटिनिबचा डोस त्यांनी वाढवून दिला, दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी सांगितली आहे. रिफाब्युटिनबद्दल टीबीवाले डॉक्टर वर विचारून सांगणार आहेत.

आता इमॅटिनिबच्या पातळीचं तेवढं राहिलं. नागपुरात धंतोली-रामदासपेठला दोन लॅबमध्ये विचारलं, सॅम्पल बाहेरगावी पाठवावं लागेल म्हणाले, आणि संध्याकाळी सहानंतर ते घेत नाहीत. संध्याकाळी उशिरा सॅम्पल घेऊन थंड ठेवून पाठवणारं कुणी माहिती असेल तर इथे लिहा, नाहीतर बाबांची गोळीची वेळच बदलायची का ते डॉक्टरांना विचारावं लागेल.