गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी मद्य कधी आणि कसे बंद करावे?

सिंहगडरोडकर
माझ्या वडिलांच्या (वय 66) उजव्या गुडघ्याच्या सांधेबदलाची शस्त्रक्रिया अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात ठरली आहे. निवृत्तीनंतर ते रोज संध्याकाळी साधारण एक क्वार्टर व्हिस्की घेतात. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी मद्य पूर्ण बंद हवे, असे सर्जननी बजावले आहे. वडिलांचे म्हणणे असे, की गटारी झाली की दुसऱ्या दिवसापासून श्रावण आणि पुढे गणपतीही पाळायचा, म्हणजे सहा आठवडे आपोआप मिळतात आणि तोवर आहे तसे चालू द्यावे. पूर्वी ते दरवर्षी श्रावण पाळत असत, परंतु अलीकडे तो सुटला आहे. शिवाय विम्याचा दावा नाकारला जाईल या भीतीने आईने रुग्णालयाच्या अर्जात 'कधीतरी, सणासमारंभाला' असे लिहिले आहे. हा बेत योग्य आहे का, आणि अर्जातील माहिती तशीच ठेवली तर चालेल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

भूलतज्ज्ञ_पुणे
सहा आठवड्यांचा काळ पुरेसा आहे. मला काळजी वाटते ती एका रात्रीत थांबण्याची. 42.8 टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीचा 30 मिलीचा पेग म्हणजे सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल, त्यामुळे 180 मिलीची क्वार्टर म्हणजे रोजचे 60 ग्रॅम झाले. (जे बिअरला हलकी समजतात त्यांच्यासाठी सांगतो, की 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या एका बाटलीत चार पेगांइतके अल्कोहोल असते.) इतक्या प्रमाणाची सवय झालेल्या शरीराचे मद्य अचानक तोडले, तर पहिल्या दिवसभरातच हात थरथरणे, घाम, छातीत धडधड आणि झोप उडणे सुरू होऊ शकते, पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना वात होतो, म्हणजे ते बरळतात, नसलेल्या गोष्टी त्यांना दिसू लागतात, आणि उपचार न झाल्यास हे जिवावर बेतू शकते. म्हणून गटारीची वाट न पाहता वडिलांना याच आठवड्यात फिजिशियनकडे न्यावे. मद्य टप्प्याटप्प्याने कमी करायचे, की थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) आणि काही दिवसांच्या औषधांच्या आधाराने थांबवायचे, हे तेच ठरवतील. पूर्वी श्रावणात बंद केल्यावर त्यांचे हात थरथरत होते का, सकाळी उठल्यावर घोट लागत होता का, आधी कधी फिट आली होती का, हे त्यांना आवर्जून सांगावे.

चार आठवड्यांचा आग्रह का, तेही सांगतो. रोजच्या मद्याने जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते, प्लेटलेट्सचे काम बिघडून रक्तस्राव वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते आणि जखम उशिरा भरते. यातील बरेचसे नुकसान मद्य सोडल्यावर काही आठवड्यांत भरून निघते, पण दोन-चार दिवसांत नाही. डेन्मार्कमध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झालेला आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास योगायोगाने दिवसाला 60 ग्रॅम किंवा अधिक घेणाऱ्यांचाच होता. महिनाभर आधी मद्य सोडलेल्या गटात 31 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, तर न सोडलेल्या गटात 74 टक्क्यांना. अभ्यास अवघ्या 42 जणांचा होता, तरी एवढा फरक मला दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही, विशेषतः गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवायचा असताना, कारण त्या सांध्यापर्यंत जंतुसंसर्ग पोहोचला तर कधी कधी तो काढून पुन्हा बसवावा लागतो.

अर्जातील नोंद मात्र भूलपूर्व तपासणीपूर्वीच दुरुस्त करून घ्यावी. कमरेतून भूल देणार असल्याने मद्याचा संबंध येत नाही, असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे, कारण खरा धोका शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांतही असतो. विम्याची शंका रुग्णालयाच्या विमा कक्षात स्वतंत्रपणे विचारता येईल, परंतु तिच्यापायी डॉक्टरांना अर्धे चित्र देऊ नये.

वारजे_वाचक
माझे चुलते एकटे राहत असत आणि ते किती घेतात हे नातेवाइकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पडून मांडीचे हाड मोडल्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली, ती व्यवस्थित पार पडली, आणि तिसऱ्या रात्री ते चादरीवरून न दिसणारे किडे वेचू लागले. सलाइनची सुई उपटून, मोडक्या पायावर उठून ते दरवाजाकडे निघाले होते. शुद्धीवर असलेला, ओळखीचा माणूस आपल्याला ओळखत नाही, हे पाहणे फार अवघड असते. त्यांच्या बाबतीत तयारीला वेळच नव्हता, आपल्याकडे तो आहे, म्हणून कळकळीने लिहीत आहे.

येरवडा_सेवक
औषधांनी शरीर सावरले तरी संध्याकाळची ती वेळ रिकामी राहते, आणि तिथेच पुष्कळांचा निश्चय ढळतो. येरवड्यातील मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करत आहे. तिथे किंवा अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मद्य सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-आधार गटाच्या मराठी सभांत आधी नुसते बोलायला गेले तरी चालते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही: द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते, त्यामुळे वडील ती घेत असतील तर डॉक्टरांना तेही सांगावे.

सिंहगडरोडकर
सर्वांचे मनापासून आभार. फिजिशियनची उद्याची वेळ घेतली असून, रोजचे खरे प्रमाण बाबा स्वतः सांगणार आहेत. आईचीही अर्ज दुरुस्त करण्यास संमती आहे. घरी परतल्यावर पुन्हा थोडीशी घेतली तर चालेल का, असे ते विचारत आहेत.

भूलतज्ज्ञ_पुणे
ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असेपर्यंत अजिबात नाही. पहिलीमुळे मद्यासोबत गुंगी वाढते व श्वास मंदावू शकतो, दुसरीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि वॉकर धरून चालताना तोल गेला तर नव्या सांध्यालाच इजा होते. त्यानंतरचा निर्णय फिजिशियनशी बोलून घ्यावा. उद्या जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि यकृताच्या तपासणीचा जुना अहवाल असेल तर तोही.