पेट्रोल वाचवायला ट्रकच्या मागे चिकटून गाडी चालवणं: आपापले अनुभव लिहा

वडनेरवाला
काल हिंगणघाटहून येताना समोर कापसाची गाडी होती. इतकी भरलेली की जाळी दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होती. तिच्या फाळक्यापासून पाच-सहा हातांवर एक पोरगा मोटरसायकलवर, टाकीवर छाती टेकवून. पुढे चहाच्या टपरीवर तो थांबला म्हणून मीही थांबलो. म्हणाला, "काका, वारा लागत नाही. ॲक्सिलेटर थोडासा पिळला तरी गाडी ओढल्यासारखी जाते. जिनिंगवर येणारे आम्ही सगळे असेच येतो."

त्याला पाहून माझा आतेभाऊ डोळ्यांपुढे आला. कळंबहून यवतमाळला रोज ये-जा करायचा, एका दुकानात हिशोब लिहायला. पगार थोडा, म्हणून ट्रक दिसला की त्याच्या मागे लागायचा. आपल्याकडे बंद पडलेल्या ट्रकच्या चाकांना दगड लावतात आणि निघताना दगड तिथंच सोडून जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. एका रात्री पुढचा ट्रक अशाच एका दगडावरून सरळ गेला. दगड चाकांच्या मधून निघाला, ट्रकला धक्का नाही, ब्रेकची बत्तीसुद्धा लागली नाही. भावाला दगड दिसला तेव्हा तो त्याच्या पुढच्या चाकाखाली होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. जबडा तारेनं बांधला होता. गुडघा आजही वाकत नाही, पंगतीत त्याच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवावी लागते.

ट्रकनं ब्रेक मारला तर काय, एवढंच लोक विचारतात. इथे तर ट्रकनं ब्रेक मारलाच नव्हता.

तुमच्याकडचे अनुभव लिहा. त्या जिनिंगवरच्या पोरांना वाचायला द्यायचे आहेत.

घुग्गुसचा ड्रायव्हर
म्या कोळशाची गाडी चालवली, वणी-घुग्गुस-चंद्रपूर. आता घरीच असतो. पोट्ट्यांनो एक गोष्ट ध्यानात ठेवा, फाळक्याच्या मागे कोण हाय ते केबिनमधून दिसत नाई. आरसा बाजूचं दाखवते, मागचं नाई. तुले माहा आरसा दिसत नसन तं मले तू दिसत नाई. मंग म्या ब्रेक मारताना तुह्या जिवाचा इचार कुठून करू? एकदा वरोऱ्याच्या अलीकडे रोही (नीलगाय) आडवा आला. म्या दाबला ब्रेक. मागून धप्प आवाज आला, मले वाटलं टायर गेला. खाली उतरून पाहतो तं मोटरसायकल डाल्याखाली घुसलेली अन् पोरगा बाजूच्या नालीत पडलेला. वाचला. पण त्याच्या हेल्मेटची काच माह्या फाळक्याच्या कडीत अडकून होती. ते काई अजून डोळ्यापुढून जात नाई.

मोर्शीची मंदा
बापरे काकाजी 🙏

रोहण्याचा शेतकरी
रोह्यानं तर आमचा हरभरा पण नाही ठेवला यंदा. कुंपणाला अनुदान मिळतं का कोणाला माहीत आहे?

वडनेरवाला
भाऊ, त्याचा वेगळा धागा काढा, मी पण लिहितो तिथं. आमच्याकडेही तेच हाल आहेत.

पॉलिटेक्निकचे सर
पोरांना वाचायला देणार असाल तर हिशोबही द्या. वारा कमी लागतो हे खरं आहे. अमेरिकेत एका टीव्ही कार्यक्रमात कार ट्रकच्या मागे चालवून मोजलं होतं, ताशी साधारण ८८ किलोमीटरला. १०० फुटांवर ११ टक्के इंधन वाचलं, १० फुटांवर ३९ टक्के. आता दुसरी बाजू. त्या वेगात १० फूट पार व्हायला सेकंदाचा आठवा भाग लागतो. माणसानं पाहून ब्रेक दाबेपर्यंतच एक-सव्वा सेकंद जातो. १०० फुटांवरसुद्धा जेमतेम तेवढाच वेळ हातात असतो.

शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. आपल्या रस्त्यांवर भरलेला ट्रक ५०-५५ नं चालतो, तिथं वाचणारं पेट्रोल त्या आकड्यांपेक्षा बरंच कमी. रोजचे ६० किलोमीटर म्हणजे शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला साधारण एक लिटर. त्यातलं दहा टक्के वाचलं असं धरलं तरी दहा-अकरा रुपये होतात. एका चहाचे पैसे.

वणीची सून
स्वयंपाक करता करता लिहितेय. आमच्याकडे वणी-वरोरा रोडवर कोळशाच्या गाड्यांच्या मागे गेलं की घरी येऊन रुमाल काळा निघतो. ओल्या रेतीच्या टिप्परमागे तर पाणी आणि रेतीचे कण उडतात. सासूबाई मागे बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यात खडा गेला, तो काढायला डॉक्टरकडे जावं लागलं. तेव्हापासून टिप्पर दिसला की त्याच पाठीवर थाप मारतात, "बाई, थांब, जाऊ दे त्याले." आणि मी थांबते. कुकरची शिट्टी झाली, बाकीचं नंतर.

जांबचा टायरवाला
ट्रकचे मागचे टायर पाहत जा. बहुतेक रिमोल्ड असतात, जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेलं. ऊन असलं, माल जास्त असला, हवा कमी असली की ते रबर सोलून निघते. रस्त्याच्या कडेला काळ्या पट्ट्या पडलेल्या पाहता ना, त्याच त्या. नागपूर-हैदराबाद रोडवर उन्हाळ्यात किती दिसतात विचारू नका. सुटली की चाबकासारखी येते. माझ्याकडे एका गाडीचा हेडलाइट, मीटर, हँडल सगळं एका पट्टीनं गेलेलं आलं होतं. चालवणाऱ्याच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. तो ट्रकपासून लांब असता तर पट्टी खाली पडलेली दिसली असती, बाजूनं निघून गेला असता.

पेट्रोल वाचवायचं असेल तर हवा बरोबर ठेवा, साखळीला तेल द्या, एअर फिल्टर साफ करा, क्लच दाबून गाडी चालवू नका, ४०-५० च्या मधात चालवा. ट्रकमागून जेवढं वाचते त्यापेक्षा जास्त वाचते आणि रोज वाचते.

कापूसवाला भाऊ
वडनेर भौ, कापसाची गाडी कोणत्या जिनिंगची होती? हिंगणघाटले भाव काय चालू हाय?

वडनेरवाला
गाडी कुठली ते पाहिलं नाही. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० आहे, पण ओलावा पाहून कापतात. वाळवून न्या.

कापूसवाला भाऊ
धन्यवाद. माह्या पोराले पण ट्रकमागे जायची सवय हाय. आज बसवून वाचून दाखवतो.

कोर्टातला कारकून
कामात आहे म्हणून थोडक्यात. जुलै २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तामिळनाडूतल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची केस. पुढच्या कारनं हायवेवर इशारा न देता ब्रेक मारला, याची मोटरसायकल मागून धडकली, हा पडला आणि मागून आलेल्या बसखाली पाय गेला. कोर्टानं कारवाल्याचा दोष ५० टक्के धरला, बसचा ३०, आणि त्या पोराचाही २० टक्के, कारण पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं नव्हतं आणि लायसन्स नव्हतं. तेवढी भरपाई कापली गेली. "समोरच्यानं ब्रेक मारला" एवढं सांगून मागच्याची जबाबदारी संपत नाही. आमच्याकडे येणाऱ्या घरच्यांना हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

अकोटची आई
माझा धाकटा भाऊ असाच गेला. सोयाबीनच्या ट्रकमागे. रात्री, ट्रकचा मागचा लाइट बंद. जास्त लिहिता येत नाही.

मोर्शीची मंदा
ताई 🙏🙏 काळजी घ्या.

घुग्गुसचा ड्रायव्हर
माय, काय बोलू. लाइट बंद ठेवून गाडी चालवणाऱ्या आमच्यातल्या लोकांवर माहा फार राग हाय. पन्नास रुपयांचा बल्ब असते. म्या रोज निघताना मागं जाऊन हातानं काच पुसायचो. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी पण पुसली पायजे, त्यांच्याकडे तं बल्बच नसते. निदान लाल-पांढरी चमकणारी पट्टी तरी लावा.

अकोटची आई
दादा, तुम्ही पुसत होता हे वाचून बरं वाटलं.

समृद्धीवरून
चारचाकीवाले पण हे करतात. समृद्धीवर दुचाकी चालत नाही, पण रात्री भाड्याच्या कारचे ड्रायव्हर ट्रकची लाल बत्ती धरून मागे मागे चालतात, डोळ्यांना आराम म्हणून. हिवाळ्यात बुलडाण्याकडे धुकं असतं तेव्हा तर जास्तच. मी शेगावहून परत येताना ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, भाऊ, तो बाजूला घेऊन थांबला तर तू पण त्याच्या मागे जाऊन धडकशील. ऐकलं नाही. मग पुढच्या पंपावर गाडी थांबवायला लावली, चहा पाजला, तोंड धुवायला लावलं. मालकाला फोन करून सांगितलं पण. घरी उशिरा पोचलो, पोचलो तरी.

वणीची सून
आले परत. अकोटच्या ताई, मन भरून आलं वाचून. आमच्या गल्लीतली पोरं सायकलनं शाळेत जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची साखळी धरतात, त्याचंही कोणीतरी लिहा. मी काल दोघांना ओरडले, एकाच्या आजीनं मलाच ऐकवलं.

पॉलिटेक्निकचे सर
ताई, शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगा, प्रार्थनेच्या वेळी बोलतील. आमच्याकडे तसं केलं. मुलांना मोजायला शिकवलं: पुढचा ट्रक ज्या झाडापाशी गेला त्या झाडापाशी आपण पोचेपर्यंत सावकाश "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणायचं. आधी पोचलो तर मागे सरायचं. पावसात आणि रात्री आणखी दोन आकडे.

रोहण्याचा शेतकरी
हे चांगलं आहे सर. पोराला शिकवतो.
टायरवाले भाऊ, माझ्या जुन्या गाडीत हवा किती ठेवू? मागे बायको आणि दुधाची कॅन असते.

जांबचा टायरवाला
साखळीच्या कव्हरवर नाहीतर मागच्या फट्टीवर स्टिकर असते, एकट्याचा आकडा वेगळा आणि दोघांचा वेगळा. दोघांचा धरा. स्टिकर निघून गेलं असेल तर गाडी घेऊन या, टायर पाहूनच सांगतो.

रोहण्याचा शेतकरी
रविवारी दुकान चालू असते का?

जांबचा टायरवाला
दुपारपर्यंत असतो. या.