गणपतीचा प्रसाद आणि पौलाचे करिंथ: इतिहास बाजूला ठेवून वचन कळते का?

भायखळ्याची_रूथ (धागा सुरू केला)

गणपती जवळ आले की मराठी ख्रिस्ती घरांत एक प्रश्न हमखास निघतो: शेजारून आलेला प्रसाद घ्यायचा की नाही? यंदा एका उपासनेत त्यावर संदेश झाला. प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले १०:२१ (दहावा अध्याय, एकविसावे वचन) वाचले गेले. प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे भागीदार एकाच वेळी होता येत नाही, ते वचन. तिथेच निकाल लागला: मोदक खाल्ला की भुतांच्या पंगतीला बसलात. चार वचने पुढे, १०:२५ला, पौल म्हणतो की बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. १०:२७ला म्हणतो की अविश्वासणाऱ्याने घरी बोलावले आणि जावेसे वाटले तर पुढे वाढतील ते खा. हे कोणी वाचलेच नाही.

मला मनापासून वाटते की ८ ते १० हे तीन अध्याय करिंथ शहर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय उलगडत नाहीत. इ.स.पू. १४६मध्ये रोमने हे शहर जमीनदोस्त केले आणि इ.स.पू. ४४मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमी वसाहत म्हणून पुन्हा वसवले. पौल तिथे इ.स. ५०च्या आसपास होता. (बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात पौलाला ज्याच्यापुढे उभे केले त्या गल्लियो या रोमी सुभेदाराचा काळ देल्फीच्या शिलालेखामुळे ५१-५२च्या सुमाराचा धरता येतो, म्हणून हे इतके ठामपणे म्हणता येते.) तिथे देवळात पूजा व्हायची तशी पंगतही बसायची. अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या देवळाशी जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत, भिंतीच्या कडेने आडवे होऊन जेवायच्या आसनांसकट. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातून जेवणाची आमंत्रणे निघाली आहेत, एकेक दोन-चार ओळींचे. त्यातले एक असे: खैरेमोन तुम्हाला उद्या, १५ तारखेला, नवव्या तासापासून सरापीस प्रभूच्या देवळात सरापीस प्रभूच्या मेजावर जेवायला बोलावतो. (सरापीस हा तिथला देव.) देवाच्या नावाचे मेज! पौलाचे 'भुतांचे मेज' कुठल्या जगात बोलले गेले ते इथे दिसते.

म्हणजे पौलापुढे प्रश्न तीन होते. देवळातल्या पंगतीला बसायचे का, बाजारातले मांस (ते देवळात बळी दिलेलेही असू शके) घ्यायचे का, आणि शेजाऱ्याच्या घरी जेवायचे का. पहिल्याला तो नाही म्हणतो. पुढच्या दोन्हींना हो म्हणतो, फक्त कोणी मुद्दाम 'हे बळीचे आहे' असे सांगितले तर त्या सांगणाऱ्यासाठी हात आवरा म्हणतो. सोसायटीत २६ जानेवारीच्या सत्यनारायणाला जोडीने पूजेला बसणे आणि समोरच्या काकूंनी वाटीतून आणलेली खिरापत घेणे, या दोन्हींना एकच वचन लावून मोकळे होणे मला पटत नाही.

वचन_पुरेसे

रूथताई, जय ख्रिस्त. इतिहासच घ्यायचा तर पुरता घ्या. त्याच ऑक्सिरिंकसला दुसरे आमंत्रण सापडले आहे. त्यातले सरापीसच्या मेजाचे जेवण क्लौदियस सरापियोन नावाच्या माणसाच्या घरी आहे. मग 'देऊळ वेगळे, घर वेगळे' ही तुमची वाटणी कुठे राहिली? शिवाय हे कागद इजिप्तचे आणि पौलानंतरचे. अस्क्लेपियसच्या खोल्या पौलाच्या काही शतके आधी बांधलेल्या, आणि त्याच्या काळात त्या वापरात होत्या का यावर अभ्यासकांचे एकमत नाही. इतक्या ठिसूळ पायावर मंडळीची शिस्त बदलायची?

आता वचन पाहा. प्रेषितांची कृत्ये १५: यरुशलेमेतल्या सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना मूर्तींना वाहिलेल्या पदार्थांपासून दूर राहायला सांगितले. बायबलचे शेवटचे पुस्तक प्रकटीकरण, २:१४ आणि २:२०: पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना स्वतः प्रभूने याच गोष्टीवरून झापले. आरंभीच्या मंडळीचे 'डिडाखे' हे नियमपुस्तक सहाव्या अध्यायात सांगते की मूर्तीला वाहिलेल्यापासून कटाक्षाने लांब राहा. ११२च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला लिहितो की बळीच्या मांसाला गिऱ्हाईक जवळपास मिळेनासे झाले होते, आता कुठे ते पुन्हा विकले जाऊ लागले आहे. म्हणजे ख्रिस्ती लोकांनी हात आखडला होता आणि तो बाजारात दिसत होता. ही सगळी माणसे त्याच संस्कृतीत जन्मली, वाढली. त्यांना जे कळले ते आपल्याला दोन हजार वर्षांनी खणून काढलेल्या भिंतींवरून जास्त चांगले कळणार?

माझी भीती सांगतो. 'ते त्या काळापुरते होते' ही किल्ली एकदा हाती आली की ती प्रत्येक कुलपाला लावून पाहिली जाते. आज प्रसाद, उद्या विवाह, परवा पुनरुत्थान.

भायखळ्याची_रूथ

दादा, त्या काळापुरते होते असे मी म्हटलेले नाही. पौल आजही मला बांधील धरतो. कशाला बांधील धरतो, एवढेच मी विचारते आहे.

घरातल्या आमंत्रणाचा तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण ते जेवण सरापीसच्या नावानेच मांडलेले होते आणि पाहुण्याला तसे आधीच सांगितलेले होते. १०:२८ नेमके यावरच आहे: सांगितले गेले तर खाऊ नका. आता प्लिनी. त्याच पत्रात पुढे-मागे पाहा. धरून आणलेल्यांना तो सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायला लावतो आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावतो. तसे केले तर सुटका, नाहीतर मरण. जिथे अशी परीक्षा चालू आहे तिथे ते मांस न घेणे म्हणजे साक्षच होती. थुवतीराही तसेच. रंगारी, तांबट, लोकरवाले अशा कारागीर संघांचे ते गाव, शिलालेखांत या संघांची नावे आहेत. धंदा करायचा तर संघाच्या पंगतीला बसायचे आणि ती पंगत देवतेच्या नावाने व्हायची. आमच्या मजल्यावर मोदक देताना कोणी मला ख्रिस्ताला नाकारायला सांगत नाही.

वसईचा_पाव्ल

मी कॅथलिक आहे, त्यामुळे हा वाद आमच्याकडे वेगळ्या अंगाने येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्टच लिहिले की पवित्र लेखकाला त्याच्या काळात, त्याच्या संस्कृतीत काय सांगायचे होते ते शोधले पाहिजे. तत्त्व मान्य. पण खोट्या पार्श्वभूमीचा सुळसुळाट फार झाला आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

श्रीमंत माणूस, उंट आणि सुईचे नाक. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे येशूचे वचन. यरुशलेमेत 'सुईचे नाक' नावाचा बुटका दरवाजा होता, उंटावरचे ओझे उतरवून त्याला गुडघ्यांवर बसवले की तो आत शिरायचा, असे मी कितीतरी प्रवचनांत ऐकले आहे. अशा दरवाजाचा पहिल्या शतकातला एकही पुरावा नाही, ही कथा मध्ययुगातल्या टीकाकारांकडे भेटते. आणि मार्क १०मध्ये शिष्य थक्क होऊन विचारतात, मग कोणाचे तारण होणार? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे. दरवाजा बुटका असता तर अशक्य कशाला म्हणेल? श्रीमंतांची सोय करण्यासाठी इतिहास रचला गेला, याचा मला संताप येतो.

पण 'पार्श्वभूमी वचन पातळ करते' हेही सरसकट खरे नाही. पौलाच्या त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायातले प्रभुभोजन घ्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. अयोग्य रीतीने खाऊ नका, हे वाचून आपण आपापली पापे आठवत बसतो. करिंथमध्ये काय चालले होते? एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र, ११:२१ला तसेच लिहिले आहे. रोमी यजमान दर्जा पाहून वाढायचे. वर आलेल्या प्लिनीच्याच एका पत्रात अशा यजमानाची तक्रार आहे: स्वतःला आणि मोजक्या लोकांना उत्तम पदार्थ, इतरांना हलके, आणि द्राक्षारसही तीन प्रतींचा. ही पद्धत मंडळीत शिरली होती. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली पाहायला लावता, असे पौल विचारतो. हा इतिहास कळल्यावर ते वचन माझ्या अंगावर येते. आपल्याच मंडळ्यांत, लग्नाच्या बोलण्यांत जात विचारणारे आपण वेदीसमोर काय तोंडाने जातो?

चिंचपोकळीची_मावशी

सगळ्यांचे वाचले. माझी सासू गिरणी कामगाराची बायको. चौथीपर्यंत शिकलेली. तिच्याकडे एक मराठी बायबल होते, त्यावर तिने सहा मुले वाढवली आणि मंडळीतल्या कित्येक बायकांना प्रार्थना शिकवली. ऑक्सिरिंकस तिला माहीत नव्हते. तिला पौल कळला नाही असे म्हणायचे का?

आमच्या पूर्वजांना एके काळी शास्त्र ऐकायचीही मनाई होती. ख्रिस्ताकडे येताना त्यांच्या हातात पुस्तक आले, ते स्वतः वाचायला. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबलचे भाषांतर केले ते साध्या बायकांना समजावे म्हणून. १९२२ला त्या गेल्या आणि १९२४ला ते छापून आले. आता तुम्ही म्हणता, शिलालेख आणि पपायरस (ते इजिप्तचे जुने कागद) कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. मग परत कोणीतरी जाणकार वर बसणार आणि आम्ही खाली बसून ऐकणार. मी उपासनेत डोक्यावर पदर घेते, अकराव्या अध्यायात लिहिले आहे म्हणून. करिंथच्या बायका काय घालत होत्या ते मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

भायखळ्याची_रूथ

मावशी, तुमच्या सासूबाईंना पौल कळला होता, यात मला तिळमात्र शंका नाही. त्यांनी १०:२१पाशी पुस्तक मिटले नसणार, पुढे वाचले असणार. माझी पहिली तक्रार तीच आहे, इतिहास नंतर. पण रमाबाई त्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, हेही त्याच गोष्टीतले आहे. त्यांनी कष्ट घेतले आणि ते सगळ्यांपुढे मांडले. ज्ञान कपाटात कुलूपबंद ठेवले तर तुमची भीती खरी ठरेल. बायबल क्लासमध्ये मोठ्याने वाचले, प्रत्येकीला विचारायची मुभा दिली, तर कोण वर आणि कोण खाली?

माझगावची_बेने_इस्राएल

तुमच्या घरच्या चर्चेत बाहेरची म्हणून बोलते, पण कोकणातून आलेले आम्ही शनवार तेली, म्हणजे मराठी यहुदी, या मुंबईत जुने आहोत, मशीद बंदरचे आमचे सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) १७९६चे आहे. आणि हे निम्मे पुस्तक आमचेही आहे.

दोन गोष्टी. यरुशलेमेच्या सभेचे चार नियम (मूर्तीचे पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेले, जारकर्म) जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या अध्याय १७ आणि १८शी ताडून पाहा. इस्राएलात राहणाऱ्या परक्यालाही जे नियम लागू होते त्यांच्याशी ते जुळतात. यहुदी आणि परराष्ट्रीय एका ताटाशी बसू शकावेत, हा त्यामागचा विचार असावा असे अनेक अभ्यासक मानतात.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. 'त्या काळची पार्श्वभूमी' म्हणून ख्रिस्ती प्रवचनांत बहुतेक वेळा काय सांगतात? यहुदी कर्मठ होते, परूशी (धर्मशास्त्र काटेकोर पाळणारा त्यांच्यातला पंथ) ढोंगी होते, त्यांच्यात दया नव्हती, मग येशू आला. तुला जे नकोसे वाटते ते दुसऱ्याशी करू नकोस, हीच सगळी तोरा (आमचे धर्मशास्त्र), असे हिल्लेल या यहुदी गुरूचे वचन तालमूद या आमच्या ग्रंथात आहे, आणि हिल्लेल येशूच्या आधीच्या पिढीतला. इतिहास आणायचाच असेल तर आम्हाला अंधार करून तुमचा दिवा उजळ दाखवणारा इतिहास आणू नका.

लालबागचा_शेजारी

मी हिंदू आहे. आमच्या मजल्यावर दोन ख्रिस्ती घरे आहेत. आई दरवर्षी नैवेद्य दाखवण्याआधीच त्यांच्यासाठी मोदकांचा डबा वेगळा काढते. त्यांनी कधी मागितले नाही, आम्ही कधी बोललो नाही. या धाग्यावर फक्त एक विचारतो. तो पौल आमच्या देवाला भूत म्हणतो का? सरळ उत्तर द्या.

भायखळ्याची_रूथ

सरळच देते. १०:२०मध्ये पौल म्हणतो की परराष्ट्रीय जे बळी देतात ते भुतांना देतात. हे शब्द जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, ३२:१७मधून येतात, तिथे ते आपल्या देवाला सोडून भरकटलेल्या इस्राएलाबद्दल आहेत. तो करिंथच्या देवळांबद्दल लिहीत होता, गणपती त्याला ठाऊक नव्हता. पण आठव्या अध्यायात देव एकच आहे, मूर्ती काहीच नाही असेही तोच म्हणतो, आणि त्याला हे सगळ्या राष्ट्रांबद्दल म्हणायचे होते. इतिहास दाखवून मी त्याला तुमच्या-माझ्या मनासारखा करून देणार नाही. माझी उपासना ख्रिस्तापुरती आहे आणि तुमच्या आईने काढलेला डबा मी दोन्ही हातांनी घेईन. पौलाच्या १०:२७वर बोट ठेवून घेईन.

वचन_पुरेसे

हे उत्तर प्रामाणिक आहे म्हणून पुढे बोलतो. तो डबा मीही घेईन, कारण तो नैवेद्याआधी काढलेला आहे. पण आरती झाल्यावर तबकातून आलेला पेढा मी घेणार नाही. तिथे कोणी 'हे वाहिलेले आहे' असे सांगायची गरजच नसते, प्रसाद म्हणूनच तो हातावर पडतो. तुमचे १०:२८ तिथे आपोआप लागू होते. यावर तुमचे उत्तर अजून आलेले नाही.

चिंचपोकळीची_मावशी

हाच माझा प्रश्न. माझ्या सुनेच्या ऑफिसात दसऱ्याला पूजा होते आणि साहेब स्वतः सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवतात. तिने काय करायचे?

भायखळ्याची_रूथ

मावशी, मी तिच्या जागी असते तर 'साहेब, मला माफ करा' म्हणून नमस्कार करून बाजूला झाले असते, कारण तिथे दादांचा मुद्दा लागू पडतो. पण माझ्या शेजारी उभ्या ख्रिस्ती बहिणीने तो घेतला तर तिला भुतांच्या पंगतीला बसवायचा अधिकार मला नाही. रविवारी क्लासला ८, ९, १० सलग वाचणार आहोत, सुनेला घेऊन या.

वचन_पुरेसे

प्रकटीकरण २ही वाचा. मी येतो.