अनुभव धागा: अन्नामाइट (त्रुओंग सोन) डोंगररांग

रानवाटा: जुलै 2025 मध्ये व्हिएतनामच्या फोंग न्हा–के बांग राष्ट्रीय उद्यानाच्या जोडीला लाओसचं हिन नाम नो उद्यान जागतिक वारशात आलं, तेव्हापासून ही रांग पुन्हा डोक्यात घोळतेय. लाओस–व्हिएतनाम सीमेवर हजारेक किलोमीटर डोंगर, आणि आपल्याकडे चर्चा फक्त हालाँग बेची. माहितगारांनो, लिहा. पाऊस, रस्ता, जळवा, काहीही चालेल.

घाटमाथा: पाऊस आधी. आपला जून-सप्टेंबरचा हिशोब तिथे चालत नाही. लाओसच्या अंगाला मे ते ऑक्टोबर. पूर्व उतारावर मात्र ईशान्य वारे समुद्रावरून ओल आणतात, म्हणून पूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दिवाळीच्या सुट्टीत मध्य व्हिएतनाम बुक करणारे नेमके इथेच अडकतात.

दुचाकी_दादा: खे सान ते फोंग न्हा, हो चि मिन्ह महामार्गाची पश्चिम शाखा. सव्वादोनशे किमीच्या वर, मध्ये पंप जवळपास नाहीतच. टाकी फुल्ल, शिवाय दोन लिटर बाटलीत. रस्ता काँक्रीटचा, सावलीतल्या वळणांवर शेवाळ. तिथे पुढचा ब्रेक दाबलात तर चाक सुटतंच. गिअर वळणाआधी उतरवा. ऑटोमॅटिक स्कूटर नको, लांब उतारावर ब्रेक तापून बसतात.

मीनू: दादा, लायसन्सचं?

दुचाकी_दादा: व्हिएतनाम 1968 च्या करारातलं आंतरराष्ट्रीय परमिट मानतो. आपल्या परमिटवर कुठलं साल छापलंय ते बघ. 1949 असेल तर विमाही हात वर करू शकतो. 50 सीसीखाली लायसन्स लागत नाही, पण त्यावर हा घाट चढू नकोस.

पायवाट: लाओसच्या बाजूला मळलेली वाट सोडू नका, कृपा करून. 1964 ते 1973 मध्ये अमेरिकेचे वीस लाख टनांवर बॉम्ब पडले. क्लस्टर बॉम्बमधल्या चेंडूएवढ्या छोट्या बॉम्बना तिथे ‘बोंबी’ म्हणतात, त्यातल्या साधारण 30 टक्के फुटल्याच नाहीत. अनोळखी जमिनीवर चूल पेटवू नका, मातीखालची बोंबी तापून फुटते.

चितळ: साओला या लांब शिंगांच्या दुर्मीळ प्राण्याबद्दल कुणीच नाही? 1992 मध्ये व्हिएतनामच्या वू क्वांगला शिकाऱ्यांच्या घरात शिंगं सापडली, तेव्हा जगाला कळला. कॅमेऱ्यात शेवटचा 2013 ला. त्याला कुणी मुद्दाम मारत नाही, फासे मारतात. झुडपांचं लांबच लांब कुंपण, मध्ये फटी, प्रत्येक फटीत ब्रेकच्या केबलचा फास वाकवलेल्या रोपट्याला बांधलेला. जो प्राणी येईल तो अडकतो. ह्वे आणि क्वांग नामच्या साओला राखीव क्षेत्रांत गस्तवाल्यांनी लाखावर फासे काढले. काढतात तेवढे परत लागतात, केबल स्वस्त आहे ना. फार वाईट वाटतं.

मीनू: 😢 आणि जळवा? भीमाशंकरला होतात तशाच?

घाटमाथा: तशाच. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे, पँट आत खोचायची. चिकटली तर नखाने बाजूला सरकवा. जाळू नका, जखमेत ओकते.

आजोळ: विषयांतर, पण जाताच आहात तर ‘मी सोन’ हे ठिकाण बघा. डोंगरांच्या कुशीत तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांची शिवमंदिरं. आपल्या पुरातत्त्व खात्याने काम केलंय, 2020 मध्ये वालुकाश्माचं अखंड शिवलिंग मिळालं.

मीनू: डिसेंबरात सोन दूंग गुहा जमेल?

पायवाट: नाही. सप्टेंबर ते डिसेंबर बंद, आतली नदी चढते. जानेवारी ते ऑगस्टच. वर्षाला हजारेक जणांनाच सोडतात, नेणारी संस्था एकच, तेव्हा बरंच आधी बुक कर. आईबाबा सोबत असतील तर थिएन दुओंग गुहा बघ, पहिला किलोमीटर लाकडी वाट आणि दिवे आहेत.